पिवळा ठिपका

वाळवंटातल्या त्या युनिटच्या वर्कशॉपमध्ये मी सकाळी साडेसहाला रिपोर्ट केला. खांद्यावर किटबॅग, खिशात कोर्सचं सर्टिफिकेट. मोटारसायकल मेकॅनिकच्या कोर्सला मी पहिला आलो होतो आणि इग्निशन हा माझा खास विषय होता. सुभेदार साहेबांनी सर्टिफिकेट वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "अच्छा है. हिरामण से मिल लो, काम समझा देगा."

हिरामणचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते असं. पोस्टिंगच्या पहिल्या पाच मिनिटांत. त्या दिवसापासून तो माणूस माझ्या डोळ्यात खुपला. आज तो नाही, तरी खुपतोच. हे कुणाला वाईट वाटत असेल तर वाटो. मी इथे आरती ओवाळायला बसलेलो नाही, जे झालं ते सांगायला बसलोय.

माझं नाव निंबा. हवालदार म्हणून निवृत्त झालो. गाव सोनगीर, जिल्हा धुळे. हायवेला लागून माझं गॅरेज आहे, तिथून किल्ला समोर दिसतो. मी एकच काम करतो. जुन्या, रानात दामटायच्या मोटारसायकलींचं इग्निशन. नाशिक, इंदूरपासून शौकीन लोक गाड्या टेम्पोत घालून आणतात. कोणाला जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवायचं असतं, कोणाची गाडी चढावर ठसकते, कोणाची उन्हात बंद पडते. मी किट बसवून देतो. पण निघालेली जुनी पॉइंटची प्लेट पुसून, डब्यात घालून, सीटखाली बांधून देतो. गिऱ्हाईक म्हणतं, काका, आता कशाला हे भंगार? मी म्हणतो, डबा ठेवायचा असेल तर गाडी घेऊन जा, नाहीतर किट काढून घेतो. अशानं दोन गिऱ्हाइकं तुटली. तुटू द्या.

फौजेबाहेरच्या वाचकासाठी दोन ओळी. पेट्रोलचं इंजिन ठिणगीवर चालतं. ती ठिणगी नेमक्या क्षणी पडावी लागते. लवकर पडली तर किक उलटी येऊन पायाचा गुडघा काढते, उशिरा पडली तर इंजिन तापतं आणि दम सोडतं. जुन्या गाड्यांत हा क्षण ठरवायला दोन छोटे पॉइंट असतात. ते उघडले की ठिणगी पडते. ते ज्या गोल प्लेटवर बसवलेले असतात ती प्लेट केसभर इकडे किंवा तिकडे फिरवायची, यालाच टायमिंग लावणं म्हणतात. आमच्या युनिटकडे अशा सहा जुन्या गाड्या होत्या. सिंगल सिलिंडर, वाळू पकडणारे बटन टायर, सायलेन्सर वर उचललेला. वाळूच्या ज्या टेकड्यांना ट्रक वळसा घालतो, त्या ह्या गाड्या सरळ ओलांडत. टेहळणीच्या चौक्यांना निरोप, बॅटऱ्या, औषधं त्यांच्यावरच जात.

मी टायमिंग लावायचो ते फट मोजायचं गेज आणि फिरत्या चाकावरची खूण दाखवणारी टायमिंग लाइट घेऊन. अर्धा तास. हिरामण बिडीच्या बंडलाचा पातळ कागद घ्यायचा, दोन पॉइंटच्या मधे धरायचा आणि इंजिन हातानं हळूहळू फिरवायचा. कागद सुटला की पॉइंट उघडला. मग गाडी चालू करून, डोळे मिटून, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं प्लेटला जरासा धक्का द्यायचा. "हां. आता बोल्ली," असं म्हणायचा. सात मिनिटं. मी दोन वेळा त्याच्या मागे गुपचूप लाइट लावून बघितली. खूण जिथे हवी तिथेच. च्यायला, त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तो बोदवडचा. म्हणजे आम्ही दोघेही खान्देशचे, पण मी धुळ्याकडचा आणि तो पार जळगावच्या पूर्वेचा. सुट्टीला सुरतेवरून एकाच गाडीनं यायचो. मी नरडाण्याला उतरायचो, तो पुढे भुसावळला गाडी बदलायचा. युनिटला सगळे म्हणायचे, दोघं सख्खे भाऊ दिसता. माझी अहिराणी ऐकून तो हसायचा, त्याची बोली ऐकून मी हसायचो. वरवर बघाल तर दोस्ती. आत माझा जळफळाट. लंगरचा कुक त्याच्या चहात साय घालायचा, माझ्या नाही. त्याच्या बायकोचं पत्र दर आठवड्याला यायचं. माझ्या घरून पत्र यायचं ते कोणी आजारी पडलं तरच. आणि मी एखादं इंजिन उघडून तासभर डोकं लावत बसलो की सुभेदार साहेबांचा आवाज ठरलेला, "हिरामण को बुलाओ."

वर्कशॉपची एक पद्धत होती. ज्यानं काम केलं त्यानं त्या जागेवर आपल्या रंगाचा ठिपका लावायचा. गाडी बंद पडली की ठिपका बघून काम कोणाचं ते कळायचं. माझा ठिपका पिवळा, ऑइल पेंटचा. हिरामणचा लाल, आणि तो नेलपॉलिशचा. बायकोची बाटली सुट्टीवरून उचलून आणायचा. सगळी प्लाटून चेष्टा करायची. तो म्हणायचा, "पेट्रोलनं बी जात नाही, घामानं बी जात नाही. तुमचा पेंट जातो."

दुसरी सवय त्याची स्वतःची. सहाही गाड्यांच्या सीटखाली तो एक चपटा डबा बांधून ठेवायचा. आत पॉइंटची तयार प्लेट, कंडेन्सर, एक जुनाच पण चांगला प्लग. डब्यावर लाल ठिपका. त्याला तसं कोणी सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर मला संधी मिळाली. मेजर साहेबांना मी इलेक्ट्रॉनिक किटबद्दल इंग्रजीत एक पान लिहून दिलं. पॉइंट झिजतात, वाळू बसते, दर आठवड्याला साफ करावे लागतात. किटमध्ये झिजणारं काहीच नाही. पॉइंटच्या जागी पिकअप कॉइल लावलेली प्लेट बसते, तिच्यासमोरून चुंबक फिरतं, आणि टाकीखालचा एक डबा ठिणगी पाडतो. साहेबांनी दोन किट मागवून दिले. तीन आणि चार नंबरच्या गाड्यांना मी ते बसवले. पहिल्या किकला चालू. आवाज एकसारखा. मेजर साहेबांनी स्वतः चार नंबर चालवून बघितली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "शाबाश, निंबा." हिरामणनंही टाळ्या वाजवल्या. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. कुठे जळतंय का ते शोधत होतो. काही दिसलं नाही, आणि त्याचाही मला रागच आला.

त्या दिवसानंतर सुभेदार साहेबांनी काम वाटून दिलं. किटच्या गाड्यांचं इग्निशन माझ्याकडे. प्लग, प्लगच्या कॅप आणि वायरी, सहाही गाड्यांच्या, हिरामणकडे. ही वाटणी लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्याच संध्याकाळी मी तीन आणि चार नंबरच्या सीटखालचे लाल ठिपक्याचे डबे काढले आणि माझ्या ट्रंकमध्ये टाकले. कारण कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, किटच्या गाडीत पॉइंटचं काय काम? खरं कारण वेगळं. माझ्या गाडीवर मला त्याचा ठिपका नको होता.

एप्रिल सरला. मे लागला. एका दुपारी बलदेव, आमचा लान्स नायक रायडर, चार नंबर ढकलत आला. म्हणाला, दोन वेळा ठसकली आणि बंद पडली, अर्ध्या तासानं आपोआप चालू झाली. मी मीटर लावलं. पिकअप कॉइलचा आकडा बरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, पीटीच्या आधी, परत मीटर लावलं. बरोबर. गाडी तासभर चालवली. काही नाही.

हिरामण ब्रशनं प्लग साफ करत होता. न बघताच बोलला, "निंबा, कॉइल गरम करून पाह्य. थंडीत सगळेच खरे बोलतात."

"तू तुनं काम कर," मी म्हणालो. "माले शिकाडू नको."

"शिकवून नाही राह्यलो, भाऊ. भट्टीजवळ ठेव दहा मिनिटं, मंग मीटर लाव. इतकंच म्हनतो."

"किट बठ्ठं ठीक शे. पेट्रोलमा कचरा व्हता."

तो परत प्लग घासायला लागला. मी टाकी धुतली, कार्ब्युरेटर धुतलं, रजिस्टरमध्ये लिहिलं, पेट्रोलमध्ये कचरा, दुरुस्त. खाली सही. प्लेटवरचा पिवळा ठिपका पुसट झाला होता, तो नवा लावला. दहा मिनिटांचं काम होतं ते, कॉइल तापवून बघायचं. माझ्या डोक्यातही आलं होतं. पण ते हिरामण बोलला आणि संपलं. आता मी ते केलं असतं आणि दोष निघाला असता, तर तो त्यानं शोधला असता.

त्यानंतर आठव्या की नवव्या दिवशीची गोष्ट. दुपारी बारा पन्नासला रेडिओवर मेसेज आला. दोन नंबरच्या टेहळणी चौकीवर एका जवानाला ऊन लागलंय, बेशुद्ध आहे, अंग भाजतंय. ट्रकला वळसा घालून जायला अडीच तास. मोटारसायकलला पन्नास मिनिटं. चार नंबर बाहेर उभी होती. बलदेव पुढे, मागे नर्सिंग असिस्टंट, त्याच्या पाठीवर रेडिओ सेट, छातीशी सलाइनची पिशवी. एक वाजून पाच मिनिटांनी गेले.

एक बत्तीसला सेट बोलला.

"वर्कशॉप, चार बोल रहा हूँ. गाड़ी बंद. ओवर."

सेटवर मी होतो. "चार, प्लग निकालो, स्पार्क देखो. ओवर."

दोन मिनिटं गेली.

"स्पार्क नहीं है. ओवर."

"किल स्विच की वायर निकालो. फिर देखो. ओवर."

"निकाली. स्पार्क नहीं है. ओवर."

म्हणजे इंजिन बंद करायच्या स्विचमध्येही दोष नव्हता. मला कळलं. त्याच क्षणी कळलं. बाहेर ऊन एवढं होतं की पाना उचलला तर हात सोडावा लागायचा. कॉइल तापली होती आणि आतली केसासारखी तार कुठेतरी तुटून उघडी पडली होती. थंड झाली की परत जोडली जाणार, पण तिथे थंड व्हायला सावली कुठली?

सुभेदार साहेबांनी माझ्या हातातून हँडसेट घेतला. "बलदेव, सीट के नीचे हिरामण का डिब्बा है. प्लेट बदलो. मैं बताता हूँ कैसे. ओवर."

मी जमिनीकडे बघत उभा राहिलो.

"साहब, सीट के नीचे कुछ नहीं है. ओवर."

सुभेदार साहेब वळले. त्यांनी हिरामणकडे बघितलं. हिरामणनं माझ्याकडे बघितलं. तो कोपऱ्यातल्या माझ्या ट्रंकपाशी गेला, कडी काढली, वरचा टॉवेल बाजूला केला आणि लाल ठिपक्याचा डबा उचलला. म्हणजे डबे कुठे आहेत ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो कधी बोलला नाही, एवढंच.

"मी जातो," मी म्हणालो.

"हिरामण जाएगा," सुभेदार साहेब म्हणाले. "उधर टाइम नहीं है."

आणि आता जे सांगतो ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या घडीला, तिकडे एक जवान उन्हानं मरतोय, माझ्या गाडीनं दगा दिलाय, सगळी चूक माझी, आणि माझ्या मनात काय आलं? आलं हे, की बघा, परत त्यालाच पाठवताहेत.

एक एक्केचाळीसला आमची एक टन गाडी, म्हणजे छोटा ट्रक, निघाली. ड्रायव्हर चालवत होता, हिरामण बाजूला. बंद पडलेली मोटारसायकल जवळच्या टप्प्यात होती, तिथवर कच्चा रस्ता होता. दोन अठराला हिरामण पोचला. दोन एक्केचाळीसला त्याच्या गाडीतल्या सेटवरून आवाज आला.

"वर्कशॉप, हिरामण. गाड़ी चालू. चार आगे निकल गया. ओवर."

तेवीस मिनिटं. उघड्या उन्हात, वाळूत गुडघे टेकून, किटची प्लेट काढून पॉइंटची बसवली, वायरी बदलल्या आणि टायमिंग लावलं. लाइट नाही, गेज नाही. मी मनातल्या मनात हिशोब केला. मला पाऊण तास लागला असता.

मेजर साहेब तोवर सेटवर आले होते. त्यांनी विचारलं, "क्या ख़राबी थी? ओवर."

हिरामणचा आवाज आला.

"प्लग कैप, सर. अंदर से टूटी थी. मेरी चेकिंग में रह गई. ओवर."

प्लगच्या कॅप त्याच्याकडे होत्या. मी मघाशी लक्षात ठेवा म्हणालो ते हेच. जुलैमध्ये माझं प्रमोशनचं बोर्ड होतं, हवालदारीचं. ते त्याला ठाऊक होतं. सगळं युनिट ऐकत असलेल्या सेटवर त्यानं माझी चूक उचलून स्वतःच्या अंगावर घेतली. मला हायसं वाटलं. लाज नंतर वाटली, आधी हायसंच वाटलं.

बलदेव तीन चारला चौकीवर पोचला. तो जवान वाचला.

तीन दहाच्या सुमारास पश्चिमेकडून वाळूचं वादळ उठलं. एक टन गाडी परतीच्या वाटेवर होती. ड्रायव्हरला समोरचं दिसेना. रस्ता सुटला आणि गाडी एका टेकडीच्या माथ्यावर चढली. पलीकडची बाजू सरळ तुटलेली होती. गाडी आडवी होऊन खाली गेली. आम्ही पाच चाळीसला पोचलो. ड्रायव्हरचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं, तो शुद्धीत होता. हिरामण गाडीखाली होता.

रात्री सुभेदार साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर हिरामणच्या खिशातल्या वस्तू होत्या. पाकीट, बिडीच्या बंडलाचा कागद, बायकोचं पत्र, नेलपॉलिशची बाटली आणि किटची प्लेट. साहेबांनी प्लेट उचलून माझ्या हातात दिली.

"ये तेरी है," ते म्हणाले. "पीला निशान है."

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला एकच प्रश्न विचारला गेला. मोटरसाइकिल में क्या ख़राबी थी? मी सावधानमध्ये उभा होतो. म्हणालो, "प्लग कैप, सर." सुभेदार साहेब शेजारच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. ऑक्टोबरमध्ये मला तिसरी फीत, म्हणजे हवालदारी, मिळाली.

एकाच इलाख्यातले म्हणून पार्थिव घेऊन बोदवडला मलाच पाठवलं. तिथे पहिल्यांदा मंगलावहिनींना बघितलं. बारीक अंगाची बाई, डोळे कोरडे. सगळं आटोपल्यावर त्यांनी विचारलं, "गाडी कशानं बंद पडली होती, भाऊ?" मी म्हणालो, "प्लगची कॅप." हिरामणचा चुलता बाजूला बसला होता. त्यानं हातातली टोपी झटकली आणि म्हणाला, "म्हंजे सोताच्याच कामानं गेला म्हना." वहिनींनी ते ऐकलं. मीही ऐकलं.

दर वर्षी त्याच्या स्मृतिदिनी तिथल्या शाळेत कार्यक्रम होतो. मी जातो. माजी सैनिक म्हणून मला पुढची खुर्ची देतात, दोन शब्द बोलायला लावतात. मी शूर होता, मनमिळाऊ होता, असं बोलतो आणि बसतो. मागे कोणीतरी नव्या माणसाला समजावून सांगत असतं, चांगला मेकॅनिक होता हो, पण एक डाव चेकिंग चुकली. दर वर्षी हे माझ्या कानावर येतं.

यंदा कार्यक्रमाच्या चार दिवस आधी वहिनींचा फोन आला. त्यांची पिठाची गिरणी आहे, मागे पट्ट्याचा आवाज चालू होता.

"निंबाभाऊ, त्याहीची गाडी चालू करून द्या."

त्याही म्हणजे हिरामण. त्यानं लिलावात एक जुनी गाडी घेतली होती, आमच्या युनिटच्या गाड्यांच्याच जातीची. सुट्टीला आला की अंगणात तिच्यामागे लागायचा. ती तशीच पडून होती.

"विकता का?" मी विचारलं.

"विकायची नाही. शाळेपर्यंत न्यायची, त्या दिवशी. आवाज ऐकायचाय मले. कोनी म्हनतं किट बसवा. बसवायचं का?"

"नको," मी म्हणालो. "मी येतो."

ट्रंक उघडली. तळाशी, टॉवेलात गुंडाळलेली ती प्लेट होती. पिवळा ठिपका अजून शाबूत. इतकी वर्षं मी ती फेकली नाही आणि कुणाला दाखवलीही नाही. मधे मधे काढून मीटर लावायचो. थंड असली की आकडा बरोबर. मीटर बंद करून परत ठेवून द्यायचो. या वेळी ती, मीटर आणि टायमिंग लाइट पिशवीत घातली आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. अकराला बोदवड.

वहिनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी टाकत होत्या. शेवटची भाकरी उतरली आणि त्या तव्याला हात घालणार तेवढ्यात मी म्हणालो, "वहिनी, तवा राहू द्या."

मी पिकअप कॉइलला मीटर लावून त्यांना दाखवलं. "हा आकडा आला म्हणजे कॉइल चांगली. आता बघा." प्लेट तव्यावर ठेवली. आम्ही दोघं बघत बसलो. दोन मिनिटं आकडा हलला नाही. तिसऱ्या मिनिटाला चढायला लागला, आणि एकदम सगळे आकडे जाऊन मीटरवर डाव्या बाजूला नुसता एकचा आकडा उभा राहिला.

"म्हंजे?" वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे आत तार तुटलेली आहे. तापली की उघडते. त्या दिवशी गाडी हिच्यामुळे बंद पडली. ही मी बसवली होती. हिरामणनं मला गरम करून बघ म्हणून सांगितलं होतं. मी बघितलं नाही. सीटखालचा त्याचा डबाही मी काढून ठेवला होता. डबा असता तर बलदेवनं जागेवर प्लेट बदलली असती. हिरामणला जावंच लागलं नसतं."

"आन् कॅप?"

"कॅपला काही झालं नव्हतं. माझं नाव येऊ नये म्हणून तो तसं बोलला. नंतर मीही तेच बोललो. इन्क्वायरीत आणि इथेही, तुमच्यासमोर."

"डबा काहून काढला होता?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं.

"त्याच्यावर जळत होतो," मी म्हणालो.

वहिनींनी चिमट्यानं प्लेट तव्यावरून उचलली आणि फरशीवर ठेवली. तवा उतरवला. गॅस बंद केला. मग माझ्याकडे न बघता बोलल्या.

"चुलतसासरे मरेपर्यंत तेच म्हनत गेले. सोताच्या चुकीनं गेला. भावकीत म्हनतात, गिरणीवर बाया म्हनतात. मी म्हनायची, त्याहीची चेकिंग चुकनार नाही. तर म्हनायचे, बाई, त्यानं सोताच सांगितलं ना रेडिओवर. तुम्ही दर वर्षी येऊन पुढच्या खुर्चीवर बसत होते. माह्या हातचं जेवून जात होते."

मी मीटरच्या वायरी गुंडाळल्या.

"उद्या शाळेत सांगा," त्या म्हणाल्या. "सगळ्याईसमोर. नाही सांगितलं तर मी सांगन."

"सांगतो."

"मंग आता गाडी लावा."

गाडी गोठ्याच्या पडवीत पोत्यांखाली होती. टाकी धुतली, नवं पेट्रोल, नवी बॅटरी. पॉइंट काढून घासले. कंडेन्सर माझ्याकडचा घातला. चार वाजता गाडी किकला बोलली. मी पिशवीतून टायमिंग लाइट काढली, लावली, खूण नेमकी आणली. एकदम बरोबर. पुस्तकात आहे तशी.

वहिनी दारात उभ्या होत्या. पदर कानामागे सारून ऐकत होत्या.

"हा नाही," त्या म्हणाल्या.

"काय नाही?"

"आवाज. हा त्याहीचा नाही. घाई करून राह्यली ती."

मला हसू आलं. मी लाइट दाखवली. "वहिनी, खूण बघा. केसभरही इकडे तिकडे नाही."

"खूण मले काय कळते? त्याही दर सुट्टीला हितं बसायचे आन् मले ऐकायला लावायचे. म्हनायचे, तू सांग कवा थांबू. जरा मागं घ्या."

मी लाइट बंद केली. स्क्रू ढिला केला. प्लेट एका केसानं मागे घेतली.

"अजून."

अजून एक केस.

"हां. बस. आता बोल्ली."

तोच शब्द. मी हात काढून घेतला. इंजिन खाली एका लयीत, निवांत, ठोके मोजता येतील असं चालत होतं. झिजलेल्या जुन्या इंजिनाला पुस्तकातलं टायमिंग जरा पुढचं पडतं, हे मला आता कळलं. हे मला कोर्समध्ये कोणी शिकवलं नाही, आणि शिकवायला जो तयार होता त्याला मी गप्प केलं होतं. मी तिथे पडवीत उकिडवा बसलो होतो, पन्नाशी कधीच ओलांडलेला माणूस, आणि परत माझा तोच जळफळाट सुरू झाला. लेकाचा मरून इतकी वर्षं झाली, तरी कान मागे ठेवून गेला. ते पण पिठाची गिरणी चालवणाऱ्या बायकोजवळ.

स्क्रू आवळला. सवयीनं पिशवीतली पिवळ्या पेंटची डबी हातात घेतली. मग परत ठेवली. टायमिंग माझं नव्हतं.

वहिनी आत गेल्या आणि नेलपॉलिशची बाटली घेऊन आल्या. खाली वाकून त्यांनी स्वतःच्या हातानं प्लेटवर ठिपका लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शाळेच्या पटांगणात मी माइकसमोर उभा राहिलो. पुढच्या खुर्चीवर बसलो नाही. गाडी फोटोशेजारी उभी होती. मी भाषण केलं नाही. वेळा सांगितल्या. एक पाच, एक बत्तीस, दोन अठरा, दोन एक्केचाळीस. कॉइल सांगितली, डबा सांगितला, प्लगची कॅप सांगितली. मागच्या रांगेतलं बोलणं थांबलं. शेवटी मी सावधानमध्ये उभा राहून, रिपोर्ट देतात तसं, बोललो.

"नायक हिरामण, मुक्काम बोदवड. त्या दिवशी चार नंबरची गाडी माझ्या कामानं बंद पडली आणि हिरामणच्या कामानं चालू झाली. त्याच्या चेकिंगमध्ये चूक नव्हती. ती कधीच नव्हती."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वहिनी उठल्या, साडीचा काठ खोचला आणि एका किकमध्ये गाडी चालू केली. सगळं पटांगण उभं राहिलं. मी सॅल्यूट केला आणि हात खाली घेतला नाही, इंजिन बंद होईपर्यंत.